‘घरच्यासारख्या’ भाडेकरूशी भाडं वाढवण्याचं बोलायचं कसं?

वाचकांचं पत्र (थोडक्यात):

माझं वय 67. डोंबिवली पूर्वेला मी राहते त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा आणखी एक वन बीएचके आहे, तो भाड्याने दिलाय. नवरा-बायको आणि नववीतली मुलगी, पाच वर्षं झाली त्यांना. करारमदार सगळं हे बघायचे, दर अकरा महिन्यांनी. अडीच वर्षांपूर्वी हे गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी करार संपला. तेव्हा मला सुचलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही. भाडं तेव्हापासून 16,000 वरच आहे. पाच तारखेला न चुकता मोबाईलवर येतं. माणसं घरच्यासारखी आहेत. मागच्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांनीच दवाखान्यात नेलं.

मुलगा बेंगळुरूला असतो. तो म्हणतो, “आई, बारा वर्षं झाली की घर त्यांचं होतं. आत्ताच खाली करून घे, आजूबाजूला 20,000 चा भाव चाललाय.” एजंट म्हणतो, “पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो, मागची तारीख टाकून.” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, आधी कमिटीची परवानगी घ्या. मला पैशांची गरज आहे हे खरं, पण भाडं वाढवा म्हणायला तोंड उघडत नाही. काय करू?

— एक वाचक, डोंबिवली


ताई,

मूळ पत्रात तुम्ही ‘घरच्यासारखे’ हा शब्द चार वेळा लिहिलाय. पाचव्यांदा लिहून खोडलाय, तेही दिसतंय. म्हणजे अडचण कायद्याची कमी आणि भिडेची जास्त आहे. पण भिडेपायी कायद्याची अडचणही हळूहळू तयार झालीय, म्हणून आधी ती उलगडते.

घर खाली करून घेऊ नका. करार मात्र याच महिन्यात करा, तोही नोंदणी केलेला. आणि भाडं वाढवा.

आधी मुलाच्या बारा वर्षांचं बघू. ही भीती घराघरांत आहे आणि ती भलत्याच जागी चिकटलेली आहे. बारा वर्षांचा नियम आहे तो दुसऱ्याच्या जागेवर त्याच्या मर्जीविरुद्ध, उघडपणे, ‘ही माझीच’ असं म्हणत ताबा ठेवणाऱ्यासाठी. तुमचे भाडेकरू तुमच्या परवानगीने राहतात आणि दर पाच तारखेला भाडं पाठवून ‘घर तुमचं आहे’ हे स्वतःच कबूल करतात. परवानगीने राहणारा माणूस बारा काय, तीस वर्षं राहिला तरी तेवढ्यावरून मालक होत नाही. मुलाला हे शांतपणे सांगा. बँकेच्या नोंदींत पाच वर्षांची साठ ट्रान्स्फर आहेत, त्यातली प्रत्येक तुमच्या मालकीचा पुरावा आहे.

तरी त्याला हसू नका, कारण त्या भीतीमागे जुना इतिहास आहे. आमच्या सासरच्या गिरगावातल्या चाळीत मालक महिन्याला जेवढं भाडं घ्यायचा, तेवढ्यात आज वडापावसुद्धा येत नाही, आणि भाडेकरूंच्या तीन पिढ्या तिथेच म्हाताऱ्या झाल्या. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली होती. त्यातून वाट काढायला मालकांनी ‘भाडेकरू नाही, लायसन्सी’, म्हणजे जागा फक्त वापरायची परवानगी असलेला, असे कागद करायला सुरुवात केली. मग 1973 साली कायदा दुरुस्त झाला आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे लायसन्सवर राहत होते तेही संरक्षित, म्हणजे सहजी काढता न येणारे, भाडेकरू ठरले. एका रात्रीत! त्या धसक्याने कित्येकांनी रिकामी घरं कुलूप लावून ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत. तुमच्या मुलाने हे पाहिलेलं नाही, पण कुठल्या तरी काकाच्या तोंडून ऐकलेलं असणार. आता लागू आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. 31 मार्च 2000 पासून तो अमलात आला आणि त्यात लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवानगीवर, घर देणाऱ्या मालकाला चांगलं संरक्षण आहे. मुदत संपल्यावर राहणारा निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) दाद मागता येते आणि मुदतीनंतरच्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.

यातला अडसर एकच. हे संरक्षण चालू शकतं ते कागदावर, आणि तुमच्याकडे गेली सव्वादोन वर्षं कागद नाही. याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. भाडेकरूवर नाही. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं लिहिलंय. घाबरू नका, उद्या कोणी दारात येत नाही. मला त्याच कलमातली पुढची ओळ जास्त महत्त्वाची वाटते: नोंदवलेला करार नसेल तर कुठल्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. तुमचे भाडेकरू खोटं सांगणार नाहीत, मला मान्य. पण उद्या तुमच्या जागी मुलगा असेल आणि त्यांच्या जागी त्यांचा कोणी मेहुणा बोलायला आला असेल, तर मग?

आता एजंट. त्याची सूचना दोन्ही बाजूंनी चुकीची आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. पाचशेचा स्टॅम्प असो की पाच हजारांचा, दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयात, नोंदवला नसेल तर कलम 55 ची अट पुरी होत नाही. आणि मागची तारीख टाकलेला कागद हा खोटा कागद असतो, त्यावर सही तुमची असणार, त्याची नाही. सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला न्यावा लागतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची तारीख टाकून काही साधतही नाही. गेलेली सव्वादोन वर्षं गेली. नवा करार आजपासून.

‘अकरा महिने’ हेही असंच सवयीचं खूळ. देशाच्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, ती चुकवायला अकरा महिन्यांची युक्ती निघाली. महाराष्ट्रात मुदत कितीही असली तरी नोंदणी करावीच लागते, म्हणजे युक्तीचं कारणच संपलं. तरीही सगळे अकरा महिनेच लिहितात. एजंटांना दर अकरा महिन्यांनी काम मिळतं हा भाग वेगळा. लीव्ह अँड लायसन्सचा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो.

करार करण्याआधी कपाटातून एक कागद काढा: सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. त्याच्या मागच्या बाजूला आता कोणाचं नाव आहे? जुने करार तुमच्या यजमानांच्या नावाने होते. ते गेल्यावर फ्लॅट तुमच्या नावावर चढवून घेतला असेल तर उत्तम, तुम्ही एकट्या सही करू शकता. अजून त्यांचंच नाव असेल, किंवा तुम्ही फक्त नॉमिनी म्हणून आला असाल, तर मुलगाही वारस आहे हे विसरू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सांभाळणारा. अशा वेळी करारात दोघांनी मालक म्हणून यावं, किंवा आधी नावाचं काम एखाद्या वकिलाकडून मार्गी लावावं. नूतनीकरण, नूतनीकरण म्हणून लोक जुन्याच करारात तारखा बदलतात आणि गेलेल्या माणसाचं नाव तसंच राहतं. माझ्या स्वतःच्या ठाण्याच्या फ्लॅटच्या करारात एजंटाने कुठलासा जुना नमुना चिकटवला होता, त्यात ‘जलतरण तलावाचा वापर’ असं कलम होतं. आमच्या इमारतीत आठवड्यातून तीन दिवस टँकर येतो.

आता मुलाचा 20,000 चा भाव. हा हिशोब कागदावर मांडून त्याला पाठवा. नवा भाडेकरू 20,000 ने आला तर वर्षाचे 2,40,000. पण यांना काढून तो येईपर्यंत महिनाभर तरी घर रिकामं, म्हणजे 20,000 गेले. एजंटाची दलाली एक महिन्याची धरली तर आणखी 20,000. पाच वर्षं माणसं राहिलेल्या घराला रंग आणि नळ-बिळ, 25,000 कुठेच गेले नाहीत. उरले 1,75,000. हेच लोक 17,500 ने राहिले तर वर्षाचे 2,10,000, विनाखटपट. दुसऱ्या वर्षापासून नव्या भाडेकरूचं पारडं जड होईल हे खरं, पण तो पाच तारखेला पैसे पाठवणारा निघेल आणि रात्री दीड वाजता गाडी काढणारा निघेल याची हमी कुठल्या भावात बसवायची? बाजारभावापेक्षा दोन-अडीच हजार कमी घेताय ते यासाठी, असं मुलाला सांगा. त्याला कळेल. तो वाईट नाही, लांब आहे.

आता मुख्य गोष्ट, तोंड उघडायची.

भाडं वाढवण्याचं बोलणं वाईट होतं ते दोन कारणांनी. एक तर ते दारात होतं, चपला घालताना, ‘अहो ते भाड्याचं जरा बघायला हवं’ असं अर्धवट. समोरच्याला किती, कधीपासून, काही कळत नाही. तो आठवडाभर अंदाज बांधत बसतो. नाहीतर ते मोबाईलवर होतं, आणि तिथे साधं वाक्यसुद्धा नोटिशीसारखं वाचलं जातं. रविवारी सकाळी दोघा नवरा-बायकोंना चहाला बोलवा. एकट्या बाईशी बोलू नका, तिला निरोप्या करू नका. ती तुमच्याशी जास्त मोकळी आहे म्हणूनच नको. मुलगी क्लासला गेली असेल अशी वेळ साधा. आणि चहा येण्याआधी सुरुवात करा. चहा पिऊन झाल्यावर उठायची घाई होते.

वाक्यं काय? मी तुमच्या जागी असते तर असं म्हटलं असतं: “आपला करार हे गेले त्याच सुमाराला संपला, मी लक्ष दिलं नाही. कायद्याने ती जबाबदारी माझीच होती. आता नीट करून टाकू. 1 ऑक्टोबरपासून भाडं साडेसतरा हजार धरलंय, आणि त्याच्या पुढच्या ऑक्टोबरपासून साडेअठरा. मुलीची दहावी होईपर्यंत मी तुम्हाला घर सोडा म्हणणार नाही, तसं कागदावर लिहून देते.”

एवढंच बोला आणि थांबा. ‘माझी औषधं महाग झालीत’, ‘मुलगा म्हणतो’, ‘मला बरं नाही वाटत बोलायला’ यातलं काहीही पुढे जोडू नका. औषधांचं कारण दिलं की त्यांना वाटणार, आपण कमी देतोय म्हणून ताईंना गोळ्या परवडत नाहीत. मुलाचं नाव घेतलं की पुढच्या वेळी तो दिवाळीला आला तर जिन्यात अवघडतील. आणि माफी मागितली की वाढ ही चूक ठरते. सव्वादोन वर्षं भाडं तेच ठेवलंत, हे त्यांनाही माहीत आहे. माझा अंदाज असा आहे की ते तुमच्यापेक्षा आधीपासून या बोलण्याची वाट बघतायत आणि मनात अठरा हजारांची तयारी करून बसलेत.

त्या बोलण्यात खरा जीव आहे दहावीच्या वाक्यात. भाड्याने राहणाऱ्या माणसाला पाचशे-हजारापेक्षा जास्त धाक असतो तो ऐन शाळेच्या दिवसांत सामान बांधायचा. मुलगी आत्ता नववीत. 1 ऑक्टोबरपासून वीस महिन्यांचा करार केलात तर तो संपतो 31 मे ला, दहावीची परीक्षा होऊन गेलेली, जूनच्या प्रवेशांना वेळ आहे. अकरा महिन्यांचा केलात तर संपेल ऑगस्टअखेर, दहावीच्या मध्यावर. मग गणपतीत पुन्हा हीच घालमेल. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार न मोडण्याचं बंधन, हा शब्द मालक नेहमी भाडेकरूसाठी वापरतात. इथे तुम्ही तो स्वतःवर घालून घ्या. तुम्ही मुदतीआधी घर मागणार नाही, फक्त सलग दोन महिने भाडं थकलं तर करार रद्द करता येईल. त्यांनी सोडायचं झालं तर एक महिना आधी सांगायचं. तुमची बाजू याने कुठे कमजोर होत नाही, आणि साडेसतरा हजार त्यांना जड जाणार नाहीत.

ते ‘सतरा करा’ म्हणाले तर? करून टाका, हवं तर. पण पुढच्या वर्षीचा आकडा सोडू नका. टप्प्याने वाढ करारातच लिहिली की पुन्हा चहाला बोलवायची वेळ येत नाही.

करारात तीन-चार गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. अनामत: तुमच्या यजमानांना त्यांनी जे 50,000 दिले होते, ते ‘पूर्वी दिलेली रक्कम याच कराराखाली अनामत म्हणून पुढे चालू’ असं स्पष्ट लिहा, शक्य असेल तर जुन्या चेकची तारीख घालून. नाहीतर घर सोडताना ते पैसे कोणाकडे मागायचे हा प्रश्न त्यांना पडेल आणि विचारायला लाज वाटेल. भीड काही तुमची एकटीची मिरास नाही. मग सामानाची यादी. पंखे किती, गिझर कुठला, किचनच्या ओट्याखालचं ट्रॉलीचं काम कोणाचं. पाच वर्षांत त्यांनी स्वतःच्या पैशाने काही बसवलं असेल तर तेही लिहा, ते जाताना काढून नेणार की तुम्ही पैसे देऊन ठेवून घेणार. आमच्याकडे एका एक्झॉस्ट फॅनवरून तीन महिने अबोला झाला होता. फॅन साडेनऊशेचा. दुरुस्तीचं साधं सूत्र: रोजच्या वापराची किरकोळ दुरुस्ती त्यांची, भिंतीतली गळती, वायरिंग, प्लंबिंग तुमचं. वीजबिल त्यांचं, सोसायटीचा मेंटेनन्स तुमचा, हे आत्ता चालू आहे तसंच लिहून टाका.

खर्चाची धास्ती वाटत असेल तर हिशोब देते. मुद्रांक शुल्क निघतं ते सगळ्या मुदतीचं भाडं आणि अनामतीवर वर्षाला 10 टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का. तुमचं वीस महिन्यांचं भाडं होतं 3,58,000. अनामतीचं व्याज 8,333. त्यावर पाव टक्का म्हणजे साधारण 916 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000, शिवाय दस्त हाताळणीचं थोडं. दोन हजारांच्या जरा पुढे-मागे. अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार केलेत तर नोंदणी शुल्कच दोनदा. जो माणूस घरी येऊन ऑनलाइन नोंदणी करून देतो त्याचे पैसे वेगळे, ते आधी विचारून घ्या आणि दोघांत निम्मे करा. दलाली मात्र कोणालाच देऊ नका. भाडेकरू तुम्ही पाच वर्षांपूर्वीच शोधलाय, एजंटाने या खेपेला फक्त टायपिंग करायचं आहे.

सेक्रेटरींना नम्रपणे सांगा की परवानगी नको, कळवणं पुरेसं आहे. कराराची प्रत आणून देते. सोसायटी तुमच्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः त्या घरात राहत नाही म्हणून लावलेलं शुल्क) घेऊ शकते, पण 1 ऑगस्ट 2001 च्या सरकारी आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि महापालिकेचे कर त्या सेवाशुल्कात धरायचे नाहीत. पावतीवर ‘टेनंट रिन्यूअल’ वगैरे काही दिसलं तर कुठल्या ठरावाने, एवढं विचारा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती पूर्वी दिली असेल तरी नव्या करारासोबत पुन्हा द्या. ऑनलाइन होतं, त्यांच्या मुलीला सांगितलंत तर दहा मिनिटांत करेल.

आणि भाडेपावती देत चला. भाडेकरूला ऑफिसात आयकरातली घरभाड्याची सवलत घ्यायची तर वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असल्यामुळे तुमचा पॅन नंबर लागतो. पाच वर्षांत त्याने मागितला नसेल तर तोही भिडेपायीच.

नोंदणीच्या दिवसाचं एक सांगते. एजंटाचा मुलगा लॅपटॉप, छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. आधार आणि पॅन जवळ ठेवा, आधारवरच्या नावाचं स्पेलिंग सोसायटीच्या कागदांशी जुळतंय का ते आदल्या दिवशीच बघा. आणि अंगठा. आयुष्यभर भांडी घासलेल्या, कणीक तिंबलेल्या बायकांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात. माझा सहा वेळा उमटला नाही, तो पोरगा म्हणाला, “आजी, जरा जोरात दाबा.” मी म्हटलं, चाळीस वर्षं जोरातच दाबलाय. शेवटी हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, किंचित ओलसर असतानाच ठेवला तेव्हा हिरवा दिवा लागला. तुम्ही एखादं ओलं फडकं हाताशी ठेवाच, आणि उजवा नाही चालला तर डावा अंगठा पुढे करा.